रोज पाच मिनिटांचा आवाज

ज्या शिक्षकाचा घसा महिन्याहून जास्त दिवस बसलेला आहे आणि जो अजूनही स्टाफरूममध्ये ज्येष्ठमध चघळत बसला आहे, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. बाई असो की सर, मला दोघांचीही सारखीच कीव येते. कारण मीही चार महिने तेच करत बसले होते, आणि मला तर अक्कल असल्याचा समज होता.

माझं नाव सुरेखा. एरंडोलजवळच्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत बावीस वर्षं मराठी शिकवते. वर्गात साठ पोरं, डोक्यावर पत्रे, शेजारच्या वर्गात तेवढाच गोंधळ, आणि शाळेचा माईक कपाटातून निघतो तो फक्त नानासाहेब आले की. नानासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. अशा ठिकाणी शिकवायचं म्हणजे ओरडायचं. मी वर्गात 'ए!' म्हटलं की मैदानापलीकडच्या टपरीवरची माणसंसुद्धा सरळ उभी राहतात, असं आमचे हेडसर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. मुख्याध्यापकांना आमच्याकडे सगळे हेडसरच म्हणतात. आणि मी मूर्ख, ते ऐकून लाजायचे.

गणपतीत आवाज बसला तो उठलाच नाही. मग स्टाफरूमचे सगळे डॉक्टर जागे झाले. एकाने हळद सांगितली, दुसऱ्याने कंकोळ, तिसऱ्याने मिठाच्या गुळण्या. विज्ञान शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला नजर लागली." विज्ञान शिकवणाऱ्या! हेडसरांनी फार मोलाचा सल्ला दिला: "बोलणं जरा कमी करा." आणि त्याच दिवशी रजेवर असलेल्या सरांचे दोन तास माझ्या गळ्यात मारले. मी घेतले. नाही म्हणायची मला सवयच नव्हती.

जळगाव

जानेवारीच्या सुरुवातीला आमचे हे मला ओढतच जळगावला घेऊन गेले. हे भुसावळला रेल्वेत आहेत, रोज जातात-येतात, आणि माझ्या घशातला खरखराट त्यांना म्हणे यार्डातल्या आवाजाहून जास्त झोंबत होता.

कान-नाक-घशाची डॉक्टरीण माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने माझी जीभ कापडात धरून बाहेर ओढली, एक नळी तोंडात घातली आणि म्हणाली, "ई म्हणा." बावीस वर्षं मी दुसऱ्यांना म्हणायला लावलं, आता जीभ बाहेर काढून मी म्हणत होते. समोरच्या पडद्यावर माझे स्वरतंतू दिसत होते. दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि एका पट्टीवर ज्वारीच्या दाण्याएवढा लालसर गोळा.

"हा पॉलिप," ती म्हणाली. "काढावा लागेल. बहुतेक साधाच असतो, पण काढल्यावर तपासायला पाठवू."

नंतरचं तिने हळूहळू, दोन-दोनदा सांगितलं. ऑपरेशन तोंडातूनच करायचं, वरून टाका नाही. पण नंतर दहा दिवस एक अक्षरही बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजल्याने स्वरतंतूंवर आणखी ताण येतो. खाकरायचं नाही. तिखट, तळलेलं बंद. दहा दिवसांनी पुन्हा तपासून ती सांगेल तेवढंच बोलायचं. "या दहा दिवसांत एकदा जरी ओरडलात," ती म्हणाली, "तर जखम फाटेल. मग जो आवाज उरेल तोच निवृत्तीपर्यंत. आणि उरेलच याची मी खात्री देत नाही."

"अर्जंट आहे का?" ह्यांनी विचारलं.

"अर्जंट नाही. प्लॅन करून करू. पण लांबवू नका."

या वाक्याचा पहिला अर्धा भाग पुढे दीड महिना माझ्या डोक्यावर मिरे वाटणार होता.

बस स्टँडवर हे म्हणाले, "चला, दहा दिवस घर शांत राहील." मी एरंडोल येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. वाटेतलं पाळधी गेल्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड करून विचारलं, "बहुतेक म्हणजे किती गं?" तेव्हा मला कळलं, तो शब्द त्यांनाही लागला होता. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. बसमध्ये, चारचौघात, लग्नानंतर पहिल्यांदाच.

"अर्जंट नाही ना?"

रजेचा अर्ज घेऊन हेडसरांकडे गेले. त्यांनी तो वाचला नाही, नुसता चष्म्यावरून पाहिला.

"ऑपरेशन अर्जंट आहे का मॅडम?"

"अर्जंट नाही सर, पण लांबवू नका म्हणाल्या."

"मग झालं तर! मे महिना काय पळून चाललाय? आणि या महिन्याच्या शेवटी नानासाहेबांचा अमृतमहोत्सव आहे. सूत्रसंचालन तुमच्याशिवाय कोण करणार? नानासाहेब स्वतः म्हणाले, आवाज पाहिजे तर सुरेखा मॅडमचाच."

आता खरं सांगते, कारण खरं सांगायलाच बसले आहे. त्या वाक्याने मी पाघळले. घशात गोळा, तो कसला आहे माहीत नाही, आणि ही बया घरी येऊन नानासाहेबांवर चारोळ्या लिहीत बसली! त्यांनी गावासाठी काय केलं हे मला चांगलं माहीत होतं, त्यामुळे सगळं कल्पनेनेच लिहावं लागलं. हेडसरांचा मला राग आहेच, पण त्या दिवशीच्या माझ्याइतकी तुच्छता मला कोणाबद्दल वाटत नाही.

कार्यक्रम अकराचा. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येणार असा निरोप आला. हेडसर स्टेजच्या कोपऱ्यातून हातवारे करत होते, बोलत राहा, बोलत राहा. आमच्याकडे सूत्रसंचालकाचं खरं काम हेच. पाहुण्याची गाडी येईपर्यंत मंडपातली माणसं उठून जाऊ नयेत म्हणून त्याने घसा फाडायचा. मी दोन तास बोलले. नानासाहेबांचं बालपण, नानासाहेबांची सायकल, नानासाहेबांची साधी राहणी. साध्या राहणीचं वर्णन चालू असताना त्यांच्यासाठी गुलाबपाण्याचा फवारा मारणारं यंत्र सुरू होतं. शेवटी पाहुणे आले, त्यांनी सात मिनिटं भाषण केलं आणि नानासाहेबांचं नाव चुकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी "चहा" म्हणायला तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर आला. डॉक्टरणीने पुन्हा नळी घातली. पॉलिपमध्ये रक्त उतरलं होतं, दाण्याचा हरभरा झाला होता. "काय केलंत तुम्ही?" तिने विचारलं. काय सांगणार? सायकल?

फेब्रुवारी संपता संपता तारीख ठरली. हेडसरांना दुसरा अर्ज दिला. "ठेवून जा," ते म्हणाले. पहिल्या अर्जावर त्यांनी चहाचा कप ठेवलेला होता. दुसरा त्याखाली सरकवला.

शेवटचे शब्द

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहापासून पोटात पाणीसुद्धा नाही. वॉर्डातल्या मावशी एकच यादी दर अर्ध्या तासाने विचारत होत्या. खोटे दात आहेत का, नेलपॉलिश आहे का, गळ्यात काही आहे का. मी ठरवून ठेवलं होतं की आत जाताना ह्यांना काहीतरी नीट सांगायचं. दहा दिवस बोलता येणार नाही, आणि भूल म्हटलं की मनात नाही नाही ते येतंच. घरी पाठ करून आले होते. 'काही कमी-जास्त झालं तर लेकीचं शिक्षण थांबवू नका' इथून सुरुवात होती. लेक धुळ्याला कॉलेजात आहे.

ऐनवेळी बांगड्या निघेनात. मावशी साबण लावून ओढतायत, हाताची सालं निघतायत, स्ट्रेचरवाला घाई करतोय. हे दारात उभे, चेहरा पांढरा. आणि मी तळपायाची आग मस्तकात जाऊन ओरडले, म्हणजे जेवढा वारा निघाला तेवढ्यात ओरडले: "अहो फोडा ना मेल्या बांगड्या, काचेच्याच तर आहेत!"

हेच माझे शेवटचे शब्द. त्यानंतर छताचे दिवे, आणि मग काहीच नाही.

शुद्धीवर आले तेव्हा घशात कोणीतरी चुलीतला निखारा ठेवल्यासारखं वाटत होतं. खोकला येत होता आणि खोकायचं नव्हतं. त्याच मावशी शेजारी बसून माझा हात थोपटत होत्या. मनगटावर त्यांनी पट्टी बांधली होती. "बोलू नका ताई, झालं, झालं," एवढंच म्हणत होत्या. मोठ्या मोठ्या लोकांनी मला बावीस वर्षांत जेवढा धीर दिला नसेल तेवढा त्या बाईने त्या पंधरा मिनिटांत दिला. नाव विचारायचं होतं, विचारता येईना.

मौन

घरी आल्यावर माळ्यावरून लेकीच्या लहानपणची पाटी काढली. माझ्यापुरतं जग आता पाटीवर होतं.

पण घरात आमच्या जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई. ऐकू येत नाही आणि वाचता येत नाही. पाटीचा उपयोग शून्य. मी धास्तावले होते, पण गंमत अशी की त्यांना काही फरकच पडला नाही. हाताने पोट दाखवलं की त्या भूक समजायच्या, डोळे मिटून दाखवले की झोप. चौथ्या दिवशी त्यांनी ह्यांना विचारलं, "सुरेखा रागमा शे का? बोलत नई." चार दिवसांनी! दहा-बारा वर्षं ही बाई आमच्या घरात अशाच शांततेत राहतेय आणि मी तिच्यासमोर बसून मोठ्या आवाजात फोनवर बोलत होते, याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

भेटायला येणाऱ्यांचे दोन प्रकार. काही माझ्याशी ओरडून बोलायचे, जणू माझे कान कापले होते. काही कुजबुजायचे, जणू मी गेलेच होते. झाडून सगळ्यांकडे घशाच्या आजाराने मेलेला एक तरी नातेवाईक होता, आणि तो कसा मेला हे सविस्तर सांगितल्याशिवाय कोणी उठत नव्हतं. तपासणीचा रिपोर्ट अजून यायचा होता. प्रत्येक घोट गिळताना मी तोच विचार करत होते, आणि हे लोक समोर बसून ह्यांनी केलेली शेवभाजी ओरपत, नाक पुसत, अमक्याच्या काकाला शेवटी पाणीही कसं जाईना ते सांगत होते. माझ्या ताटात मऊ भात आणि दूध. पाटीवर मी 'आता या' असं लिहून ठेवलं होतं. एका वहिनींना ते आमंत्रण वाटलं, त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या.

एक सुख मात्र होतं. माझी माय दोंडाईचाला असते. ती रोज दुपारी चारला फोन करायची. मी बोलू शकत नाही हे तिला पटलं, पण म्हणून फोन करायचा नाही हे काही पटलं नाही. तिनेच युक्ती काढली. "मी बोलसू, तू नखाघाई वाजाडजो. हा करता एक डाव, नई करता दोन डाव." मग ती बोलत राहायची. शेजारणीची म्हैस, वाळत घातलेले पापड, अंगणातला कडुनिंब. मध्येच थांबायची, "ऐकी ऱ्हायनी ना?" मी फोनवर नखाने एकदा टकटक करायचे, म्हणजे हो. "घाबरी का?" मी दोनदा करायचे, म्हणजे नाही. खोटं, पण करायचे. ती ओळखायची आणि पुन्हा म्हशीवर जायची. त्या पंधरा मिनिटांत मी रिपोर्ट विसरायचे.

"गप्प आहात म्हणजे ठरलं"

आठव्या दिवशी हेडसरांचा फोन. मी घेतला, कारण शाळेचं नाव दिसलं की अंगठा आपोआप सरकतो.

"मॅडम, कसं आहे? बरं आहे ना? वा. ऐका, दहावीची परीक्षा सुरू झाली. शेजारच्या केंद्रावर आपल्याला सुपरवायझर द्यायचेत, आणि उद्या एक माणूस कमी पडतोय. तुम्ही जा."

मी फोन कानाला लावून बसले. त्यांनीच स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "बोलता येत नाही, माहीत आहे. पण सुपरव्हिजनला बोलायचं कुठे असतं? गप्पच बसायचं असतं! तुम्ही तर एकदम फिट. चालता येतं, बसता येतं. आणि तुमचे अर्ज अजून पुढे पाठवायचेत, हजेरीपटावर तुमची जागा मी मोकळीच ठेवलीय. एवढं करा, मग रजेचं काय ते बघू. हॅलो? हॅलो मॅडम? ठीक आहे, गप्प आहात म्हणजे ठरलं."

फोन बंद.

मी मेसेज लिहिला. डॉक्टरांनी काय सांगितलंय, रिपोर्ट परवा आहे, मी येऊ शकत नाही. हेडसरांचं उत्तर आलं: जोडलेले हात आणि एक गुलाब. ते मेसेज पाठवतात, वाचत नाहीत. अख्ख्या स्टाफला हे माहीत आहे.

ह्यांनी सांगितलं, जाऊ नको. मी पाटीवर लिहिलं, 'रजा'. सकाळी त्यांनी मोटारसायकल बाहेर काढली. मी का गेले? रजेची भीती होतीच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे हेडसरांनी बोलावलं की माझे पाय निघतात. म्हशीलासुद्धा एखाद्या दिवशी दावं तोडावंसं वाटत असेल, मला तेही वाटलं नव्हतं.

खोली क्रमांक चार

त्या केंद्राच्या मुख्याध्यापकांनी माझ्या हातातली पाटी पाहिली, त्यावरचं 'घशाचे ऑपरेशन, बोलता येत नाही' वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा!" ते शेजारच्या सरांना म्हणाले. "असा सुपरवायझर नशिबानेच मिळतो." दोघं हसले. मला तेव्हा वाटलं, माझी थट्टा करतायत. अर्ध्या तासाने कळलं की ते खरंच खूश होते.

विज्ञानाचा पेपर. खोलीत पंचवीस मुलं. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या, मुलांनी माना खाली घातल्या, आणि दार ढकलून त्या शाळेचे खेळाचे सर आत आले. हातात चिठ्ठी. माझ्याकडे पाहिलंही नाही. मधल्या रांगेत उभे राहून ते वाचू लागले, "हं, लिहा. पहिल्याचं ब. दुसऱ्याचं क." अगदी निवांत, प्रार्थनेला रांगा लावतात तसं.

एका मुलीने माझ्याकडे पाहिलं. पेन थांबलेलं. बाकीचे लिहीत होते.

खेळाचे सर म्हणाले, "लिही गं. मॅडमचं मौन आहे." पोरं खुदकन हसली.

ओरडणं कुठून निघतं हे मला त्या दिवशी कळलं. घशातून नाही, पोटातून. माझ्या पोटातून बावीस वर्षांचा 'ए!' वर आला, छातीत भरला, गळ्याशी येऊन थांबला. मी तोंड उघडलं होतं. एक अक्षर. त्या अक्षराने खोली गार झाली असती, हे मला पक्कं माहीत होतं. आणि माझी जखम फाटली असती हेही माहीत होतं. आठ दिवस खोकला गिळला, शिंक दाबली, झोपेत बोलेन म्हणून धास्तीने जागी राहिले, ते सगळं या चिठ्ठीवाल्यासाठी घालवायचं? आणि नाही घालवायचं तर इथे बसून मूग गिळायचे? ज्यासाठी यांनी मला आणलं, नेमकं तेच करायचं?

मी तोंड मिटलं. दात दाबून धरले. मग उठले, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, शेवटच्या बाकावरून दिसतं.

'वेळ ११.२०. खोली क्र. ४. या शाळेचे खेळाचे सर आत येऊन उत्तरे सांगत आहेत. त्यातली दोन मलासुद्धा चुकीची वाटतात. – पर्यवेक्षक.'

पुढच्या बाकावरच्या पोराने उत्तरपत्रिकेतलं काहीतरी खोडलं.

खेळाचे सर लाल झाले. "मॅडम, हे काय? पुसा ते!" मी गळ्याकडे बोट दाखवलं. "मी पुसा म्हणतोय, बोला म्हणत नाही!" मी खांदे उडवले. त्यांनी स्वतःच डस्टर घेऊन पुसलं. मी पुन्हा लिहिलं. वेळ ११.२३ केली आणि 'फळा पुसला' एवढं वाढवलं. त्यांनी पुन्हा पुसलं, या वेळी हाताने, शर्टाच्या बाहीला खडू लागला. मी पुन्हा लिहिलं. ११.२५. माझ्याकडे खडूची अख्खी पेटी होती आणि दीड तास होता. भरारी पथक कुठल्या दिवशी कुठे उतरेल याचा नेम नसतो. ते दाराकडे पाहायला लागले. मग चिठ्ठी खिशात घालून निघून गेले.

पेपर संपेपर्यंत फळा तसाच होता. त्या मुलीने जाताना माझ्या टेबलावर उत्तरपत्रिका ठेवली आणि फळ्याकडे एकदा पाहिलं. काही बोलली नाही. तिला तरी बोलता येत होतं, मी मनात म्हटलं. पण तिला रोज त्याच शाळेत यायचं होतं, तेही खरं.

संध्याकाळी हेडसरांचे चार फोन आले. मी एकही घेतला नाही. अंगठा सरकत होता, मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

ई

दहाव्या दिवशी जळगाव. रिपोर्टचा कागद डॉक्टरणीच्या टेबलावर उलटा पडला होता आणि ती आधी नळीच शोधत होती. ह्यांना राहवेना. "मॅडम, आधी ते सांगा." तिने कागद सुलटा केला. "साधा आहे. काही नाही." ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसले. फार वेळ पुसत बसले.

मग नळी. "ई म्हणा."

मला म्हणवेना. दहा दिवस एवढं जपलेलं, आणि आता काय निघेल? वाराच निघाला तर? ती म्हणाली, "हळूच." मी म्हटलं. बारीक, घोगरा, घरी कोणी वापरत नसलेल्या खोलीतून यावा तसा एक आवाज आला. माझा नव्हता. पण होता.

"छान भरलंय," ती म्हणाली. "पण पहिला आठवडा रोज फक्त पाच मिनिटं. हळू आवाजात. घड्याळ लावून. वर्ग सहा आठवडे नाही. सर्टिफिकेट देते, ते थेट संस्थेला पोस्टाने पाठवा." शहाणी मुलगी आहे.

बस स्टँडवर आलो. पाच मिनिटं! त्यातली एक डॉक्टरणीकडे गेली धरू. उरलेल्या चारांचं मी गणित करत होते तोच फोन वाजला. हेडसर. या वेळी मी मुद्दाम घेतला.

आधी फळा झाला. मी त्यांचं नाक कापलं, दोन शाळांचे संबंध बिघडवले, तिथल्या सरांना किती मनस्ताप झाला, वगैरे. मी ऐकत होते. मग आवाज एकदम मऊ झाला. "जाऊ द्या, झालं ते झालं. मॅडम, या महिन्याच्या शेवटी मी रिटायर होतोय. निरोपाचा कार्यक्रम आहे, नानासाहेब येणार. सूत्रसंचालन तुम्हीच करायचं. आता तर बोलता येईल ना? थोडंसंच. पाहुणे येईपर्यंत. हॅलो? हॅलो मॅडम? ठीक आहे, गप्प आहात म्हणजे..."

"नाही," मी म्हटलं.

मग हेडसर म्हणाले, "कोण बोलतंय?"

बावीस वर्षं या माणसाने माझा आवाज वापरला होता. मी फोन ठेवला. त्यांना सांगत बसायला माझ्याकडे मिनिटं नव्हती.

हे रसवंतीवर रस आणायला गेले होते. मी बाकावर बसून दोंडाईचाला फोन लावला. अजून चार वाजायचे होते, म्हणून माय जरा दचकली, पण लगेच सुरू झाली. म्हैस व्याली, पारडी झाली, बठ्ठं ठीक शे, कडुनिंबाला मोहोर आला. मग नेहमीसारखी थांबली.

"ऐकी ऱ्हायनी ना? वाजाड बरं."

मी नख उचललं होतं. ते खाली ठेवलं.

"माय," मी म्हटलं. "रिपोर्ट चांगला आला."

ती बोलेचना. मागे म्हैस रेकल्याचा आवाज आला. मी घड्याळाकडे पाहत होते, सेकंद चालले होते, आणि पहिल्यांदाच त्यातला एकही वाया चाललाय असं वाटत नव्हतं. मग माय नाक ओढत म्हणाली, "इतला बारीक आवाज? जेवनी नई का तू आज?"